प्रिंटर अडतो, दोष पानाचा

फोटोंनी भरलेलं पान छपाईला सोडलं आणि प्रिंटर अडला, की पहिला संशय त्याच्यावरच जातो. तो बंद करून पुन्हा चालू केला जातो, केबल काढून लावली जाते, ड्रायव्हर नव्याने टाकला जातो, टोनर काढून हलवला जातो. यातलं काही क्वचित लागूही पडतं. पण अर्धं पान छापून थांबणं, फोटो धूसर उमटणं, सावलीच्या कडेला पांढरी रेघ येणं, जॉब तासभर रांगेत लटकून राहणं, या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा पानाच्या फाइलमध्ये असतं. प्रिंटरवर ते फक्त उघडं पडतं.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे, फोटोची फाइल ३ एमबीची, म्हणजे फोटो हलका. जेपेग हा दाबून ठेवलेला फोटो असतो आणि छापताना तो उलगडावा लागतो. ए-४ पानभर फोटो ३०० डीपीआयने लावला तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल होतात. सीएमवायकेत प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले की एकट्या फोटोचे जवळजवळ ३५ एमबी झाले. त्याहून घातक असतात ते छोटे फोटो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा ६००० गुणिले ४००० पिक्सेलचा फोटो ३ इंच रुंदीच्या चौकटीत बसवला, तर इंचाला २००० पिक्सेल पडतात. १५० लाइनच्या स्क्रीनवर छापायला ३०० पुरे असतात. म्हणजे रुंदी आणि उंची दोन्ही धरून गरजेच्या चाळीसपटीहून जास्त माहिती त्या चौकटीत कोंबलेली असते. माउसने कोपरा ओढून फोटो लहान केला की तो दिसायला लहान होतो, वजनाने नाही. स्मरणिकेच्या एका पानावर पदाधिकाऱ्यांचे असे वीस फोटो आले की पान का अडलं, हे वेगळं सांगायला नको. उलट टोक मोबाइलवरून फिरत आलेल्या फोटोंचं. १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो ८ इंचांवर ताणला तर इंचाला २०० उरतात. वर्तमानपत्री कागदावर ते खपून जाईल. आर्टपेपरवर मऊपणा लपणार नाही, आणि फोटोशॉपमध्ये २००चा आकडा ३०० करून नवा तपशील काही उगवत नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला. आता यंत्रांना भरपूर मेमरी असते, मग हा हिशेब कशाला? १९८५मध्ये पेजमेकर आणि ॲपलचा लेझररायटर आले, तेव्हा त्या प्रिंटरची रॅम दीड एमबी होती. तेव्हा ही काटकसर समजण्यासारखी होती. पण मेमरी वाढली तसे कॅमेरेही वाढले, आणि पानांवर सावल्या, पारदर्शक थर, कडा विरघळवलेले फोटो आले. शिवाय दरवेळी मेमरीच कमी पडते असंही नाही. पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर अडताना बऱ्याचदा कागदावर एक ओळ छापतो आणि तो कागद लगेच कचऱ्यात जातो. तो वाचावा. त्यावर ‘व्हीएमएरर’ असेल तर मेमरी संपली आहे. ‘लिमिटचेक’ असेल तर बहुधा एखादी आकृती फार गुंतागुंतीची आहे, उदाहरणार्थ केसांच्या बटेबटेभोवती हजारो बिंदूंनी काढलेला क्लिपिंग पाथ. तिथे रॅम वाढवून उपयोग नाही. बिंदू कमी करावे लागतात.

‘स्क्रीनवर तर झकास दिसतंय’ हा दुसरा युक्तिवाद. पेजमेकर काय, इनडिझाइन काय, पानावर दाखवतात ती बहुधा फोटोची हलकी नक्कल. मूळ फोटो लिंकने जोडलेला असतो. पानाची फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि फोटोंचं फोल्डर मागेच राहिलं, तर छापताना ती नक्कलच छापली जाते. इनडिझाइनच्या प्रिंट खिडकीत ‘सेंड डेटा’ समोर ‘प्रॉक्सी’ निवडलेलं राहिलं तरी तोच धूसर निकाल. तिथेच ‘ऑप्टिमाइज्ड सबसॅम्पलिंग’ निवडलं तर प्रिंटरला पुरेल एवढीच माहिती जाते, प्रूफ झटपट निघतं.

राहिला सगळ्यांचा आवडता उपाय: पूर्ण पानाचंच चित्र करून छापा. पान निघतं, हे खरं. पण त्यात अक्षरंही चित्र होतात. छोट्या टायपात रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात, शिरोरेषेला दात येतात. घरच्या प्रूफला चालेल, प्लेट काढायला नाही. अडचण बहुधा पारदर्शकतेची असते. पोस्टस्क्रिप्टला पारदर्शकता ठाऊकच नाही, म्हणून सावलीखालचं पान तुकड्यांत फोडावं लागतं आणि त्या तुकड्यांच्या सांध्यांवर पांढऱ्या रेघा दिसतात. पीडीएफने २००१मध्ये, १.४ आवृत्तीत, पारदर्शकता सामावून घेतली. म्हणून प्रेसला आधी विचारावं, तुमचा रिप पीडीएफ/एक्स-४ घेतो का? घेत असेल तर थर तसेच पाठवावेत. नसेल तर एक्स-१ए करावी आणि फॉन्ट त्यातच एम्बेड करावेत.

अंक हातावेगळा करायच्या रात्री हे सगळं तपासायला वेळ कुणाला आहे, असं कुणी म्हणेल. पण अंदाजाने चाचपडण्यात त्याहून जास्त वेळ जातो. १६० पानांत एकच पान अडत असेल तर आधी ८० पानं सोडावीत. अडली तर त्यातली ४०, नाही अडली तर उरलेल्या ८०मधली ४०. फार तर आठ फेऱ्यांत नेमकं पान सापडतं. मग त्या पानावरचे फोटोही असेच निम्मे निम्मे काढून पाहावेत. सापडलेला फोटो मुळातच बिघडलेला असला तर तो उघडून टिफमध्ये नव्याने सेव्ह केला की पुष्कळदा काम भागतं.

एवढं करूनही प्रिंटरवरचा संशय फिटत नसेल, आणि कधीकधी तो रास्तही असतो, तर एकच पीडीएफ दोन वेगळ्या यंत्रांवर छापून पाहावी. रेघ दोन्हीकडे त्याच फोटोवर त्याच जागी आली, तर संशय फाइलवर. एकाच यंत्रावर, आणि कोऱ्या पानावरही ठरावीक अंतराने येत असेल, तर ड्रम किंवा रोलर बघायला हरकत नाही.