ऑइल काळं का पडतं?

पनवेलमध्ये घरच्या घरी गाडीचं ऑइल बदलायला घेतलं, डिपस्टिक ओढली, की मधाच्या रंगाचं ऑइल काळंकुट्ट झालेलं दिसतं. म्हणून ते वाया गेलं असं नाही. इंधन जळताना काजळी तयार होते. साबणाचं पाणी भांड्यावरचा ओशटपणा उचलतं, तशी ऑइलमधली रसायनं ती उचलून तरंगत ठेवतात. डिझेल गाडीत नवं ऑइलही लगेच काळवंडतं.

खरा बिघाड रंगावरून कळत नाही. उष्णतेमुळे ऑइलचा ऑक्सिजनशी संयोग होतो, ते दाटतं आणि ही रसायनं संपत जातात. खंडाळ्याचा घाट नेहमी चढणाऱ्या, कळंबोलीच्या कोंडीत रखडणाऱ्या गाडीत हे लवकर घडतं.

ऑइल बदलायचं तर इंजिन कोमट असतानाच ऑइलच्या चेंबरचा नट सोडा. पातळ ऑइल काजळीसकट उतरतं. ते गटारात ओतलं तर गाढी नदीतून पनवेलच्या खाडीत पोचतं. डब्यात भरून, जुनं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजवाल्याकडे द्या.