जेवणानंतरची शुगर: घड्याळ पहिल्या घासाला लावा

ज्यांना कानात हेडफोन घालण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजचा एपिसोड लेखी स्वरूपात. विषय माझ्या घरातला आहे. कदाचित तुमच्याही.

बाबांना टाइप २ डायबिटीस आहे. ते सांगलीत, मी पुण्यात. मागच्या वर्षी त्यांना ग्लुकोमीटर घेऊन दिला आणि सांगितलं, "जेवल्यावर चेक करा आणि मला आकडा पाठवा." बस, एवढंच सांगितलं. एका दुपारी व्हॉट्सॲपवर फोटो आला: २१४. मी फोनवरच चिडलो, "बाबा, काय खाल्लंत?" ते घाबरले. रात्री नुसतं वाटीभर ताक प्यायले, गोळी मात्र नेहमीची घेतली. अकराच्या सुमारास आईचा फोन. बाबांचे हात थरथरतायत, घाम फुटलाय. मीटरवर ६१! साखरेचं पाणी दिलं, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

नंतर शांतपणे विचारलं तेव्हा कळलं, दुपारचा तो २१४ जेवायला बसल्यापासून जेमतेम पाऊण तासाने घेतलेला होता. म्हणजे आकडा खरा होता, पण मी त्याचा अर्थ चुकीचा लावला. आमच्या कामात लॉगमध्ये वेळच नसेल तर आम्ही बग शोधत नाही, नुसते अंदाज बांधतो. इथे मी तेच केलं होतं.

आता बघा, आत काय होतं. भात, पोळी, भाकरी यांतल्या पिठूळ पदार्थांचं ग्लुकोज होतं आणि काही मिनिटांतच रक्तातली शुगर चढायला लागते. साधारण तास-दीड तासात ती टोकाला जाते, मग हळूहळू उतरते. जेवणात तेल-तूप जास्त असेल तर हा चढ लांबतो. त्यामुळे एकाच ताटाचे पाऊण तासाला, दोन तासांनी आणि चार तासांनी तीन वेगळे आकडे येतात.

मग बघायचं कधी? बहुतेकांसाठी पहिल्या घासापासून दोन तासांनी. हात धुतल्यापासून नाही! जेवण अर्धा तास चाललं आणि तुम्ही शेवटापासून मोजलं, तर अर्ध्या तासाचा फरक तिथेच पडला. मधल्या वेळेत गोड चहा किंवा बिस्किट खाल्लं, तर तो आकडा त्या जेवणाचा राहत नाही.

अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, गरोदर नसलेल्या बऱ्याचशा प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवण सुरू केल्यापासून एक ते दोन तासांनी १८०च्या आत, असं लक्ष्य असतं (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). वय झालेल्यांना किंवा इतर आजार असणाऱ्यांना डॉक्टर वेगळं लक्ष्य देतात. गरोदरपणात ते जास्त कडक असतं: एक तासाला १४०च्या आत किंवा दोन तासांना १२०च्या आत.

दुसरी गोष्ट, आकडे जोडीने घ्या. जेवणाआधी १६५ आणि नंतर १९५ असेल तर दोष त्या ताटाचा नाही, शुगर आधीपासूनच चढलेली होती. आधी ११० आणि नंतर २३० असेल तर मात्र ताटाकडे बघायला हवं. रोज प्रत्येक जेवणाला बोट टोचायची गरज सगळ्यांना नसते, स्ट्रिप्सही स्वस्त नाहीत. आज नाश्ता, परवा दुपारचं जेवण, असं फिरवून घेता येतं. इन्सुलिन चालू असेल तर मात्र डॉक्टरांनी दिलेलं वेळापत्रकच पाळा. तीन महिन्यांचा एचबीए१सी चांगला आला म्हणून हे सोडू नका. तो सरासरी सांगतो, एखाद्या जेवणानंतरचा चढ नाही.

तपासण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा खाल्लेल्या बोटावरचा रसही आकडा फुगवतो. आणि थरथर, घाम, गरगरणं जाणवलं तर दोन तासांची वाट बघू नका, लगेच तपासा. ७०च्या खाली असेल आणि माणूस नीट शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. आणि एका आकड्यावरून जेवण बंद करू नका, गोळीही स्वतःच्या मनाने बदलू नका.

आता आई बाबांच्या पहिल्या घासाला मोबाइलवर दोन तासांचा टायमर लावते. कालचा मेसेज असा होता: "१.१० ला बसलो. आधी ११८, ३.१० ला १६४. भाकरी, पिठलं, थोडा भात." यावर डॉक्टर काहीतरी ठरवू शकतात.

तर आज रात्री घरी फोन कराल तेव्हा "किती आली?" याआधी "कधी घेतली?" विचारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!