कोड न चालवताच चूक कशी सापडते? पीएचपीस्टॅनची ओळख

समजा, तुम्ही पीएचपीमध्ये डिलिव्हरी चार्ज काढणारं एक फंक्शन लिहिलंय. त्याला किंमत पूर्णांकात हवी, म्हणून ‘इंट’ असा टाइपही लावलाय. पण दुसऱ्या फाइलमधून कुणीतरी त्याला अख्खा ॲरे पाठवला. काय होईल? लगेच काहीच नाही! ती ओळ चालेपर्यंत पीएचपी गप्प बसतं. ती फक्त कूपन वापरल्यावरच चालत असेल, तर ‘टाइपएरर’ येणार ऐन सेलच्या रात्री, आणि ग्राहकाची ऑर्डर तिथेच अडकणार.

इथे कामाला येतं स्टॅटिक ॲनालिसिस, म्हणजे कोड न चालवता नुसता वाचून तपासणं. पीएचपीसाठी पीएचपीस्टॅन हे मोफत टूल 2016 पासून आहे. फंक्शनला काय हवंय आणि प्रत्येक ठिकाणी त्याला काय दिलं जातंय, हे ते जुळवून बघतं. कंपोझरने इन्स्टॉल करा आणि कोडचा फोल्डर द्या, की फाइल आणि ओळ क्रमांकासकट चुकांची यादी समोर येते.

एक गंमत बघा. ‘इन-ॲरे’ला आधी शोधायची गोष्ट लागते, मग ॲरे. ‘स्ट्रपॉस’ला मात्र नेमकं उलटं! आधी मोठी स्ट्रिंग, मग शोधायचा तुकडा. (हा उलटसुलट क्रम पाठ करत बसण्यात अर्थ नाही.) ‘इन-ॲरे’मध्ये अदलाबदल झाली तर पीएचपीस्टॅन पकडतं, कारण ॲरेच्या जागी स्ट्रिंग आलेली दिसते. ‘स्ट्रपॉस’मध्ये दोन्हीकडे स्ट्रिंगच, त्यामुळे टाइप जुळतो आणि चूक निसटते. तिथे टेस्टच लिहावी लागते.

आणखी एक मेख आहे. पीएचपीस्टॅन सुरू होतं शून्य लेव्हलला, पण आर्ग्युमेंटचे टाइप ते पाचव्या लेव्हलपासून तपासतं. म्हणजे शून्यावर ‘नो एरर्स’ दिसलं म्हणून खूश होऊ नका. जिथे पूर्णांक किंवा ‘नल’ येऊ शकतो, ती जागा पकडायला आठवी लेव्हल लागते. फॉर्ममधून आलेला डेटा तर त्याच्या लेखी ‘मिक्स्ड’, म्हणजे काहीही असू शकतो. त्याची कडक तपासणी नवव्या लेव्हलला.

जुन्या प्रोजेक्टवर एकदम नऊ लावलं तर शेकडो चुका अंगावर येऊ शकतात. अशा वेळी ‘बेसलाइन’ फाइल बनवा. जुन्या चुका तिच्यात नोंदवून ठेवल्या जातात, आणि पुढे फक्त नव्या दिसतात.