मानेतली गाठ आणि दोन बाटल्या



पाड्यांवर मानेत गाठ आली की तिला गंडमाळ म्हणतात आणि पाल्याचा लेप लावतात. अशी गाठ पुष्कळदा क्षयाची असते, पण कधी कर्करोगाचीही निघते. ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन दोन्हींत दिसते. अंदाजाने क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या आणि गाठ कर्करोगाची निघाली, तर मोलाचे महिने वाया जातात.

म्हणून बारीक सुईने पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सुईने रोग पसरतो ही भीती आपल्या मंडळीतही ऐकू येते. ती मनातून काढावी.

सुईने उलगडा झाला नाही तर गाठीचा तुकडा काढतात. तो फॉर्मालिनमध्ये ठेवला की पेशींची रचना टिकते, कर्करोग ओळखता येतो. पण फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात. मग ते प्रयोगशाळेत वाढवून कोणते औषध लागू पडेल हे तपासता येत नाही. त्यासाठी दुसरा भाग सलाईनच्या पाण्यात हवा. त्यावर सीबीनॅट यंत्र सुमारे दोन तासांत क्षयाचे जंतू शोधते आणि रिफॅम्पिसिन चालेल का, तेही सांगते.

रुग्णाला घेऊन जाणाऱ्याने तुकडा काढण्याआधीच डॉक्टरांना विचारावे, “दोन बाटल्या ठेवाल ना?”