टोपी केव्हा काढायची?

पूर्वी कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्याकडून काळविटाची शिकार होई. काळवीट, म्हणजे कन्नडमधला कृष्णमृग, बैलगाडीला बुजत नसे. शिवारात ती रोजचीच. त्याच गाडीवर डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता बसे. टोपी केव्हा काढायची, हीच चित्तेवानाची खरी विद्या! चित्ता जीव तोडून धावतो, पण थोडेच अंतर. घाई केली की शिकार हुकली. मग भक्ष्यावर बसलेल्याला न चिडवता सोडवायचे, पळीभर रक्त पुढे धरून. शिवाय प्रत्येक नवे जनावर महिनोन्महिने माणसाळवायचे. हे पुस्तकातून कसे यावे? जाणत्यांच्या हाताखालीच वर्षे घालवावी लागत. पुढे देशी चित्ते मिळेनात, तेव्हा ते आफ्रिकेतून आणले.

1952 मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. 1972 च्या कायद्याने काळविटाला संरक्षण मिळाले. 2022 मध्ये कुनोत आफ्रिकेचे चित्ते पुन्हा आले, चित्तेवान मात्र नाहीत. काळवीट पाहायचा तर राणेबेन्नूरचे अभयारण्य आपल्याला जवळच आहे.