ठासणीची बंदूक : दोन आगींमधली फट

चकमकीच्या बंदुकीचा चाप ओढला की आग दोनदा लागते. पहिली बाहेर, नळीच्या कुशीला बसवलेल्या छोट्या वाटीत. दुसरी आत, गोळीच्या मागे. बंदूक नीट जुळवलेली आणि नीट भरलेली असेल तर या दोन आगी कानाला एकच वाटतात. नसेल तर आधी ‘फस्स’ आणि मग ‘धाड’ असे दोन आवाज येतात, आणि तेवढ्या अवधीत नेम हललेला असतो. या बंदुकांचा छंद असलेली माणसं जो काही खटाटोप करतात, तो बव्हंशी ही फट बुजवण्यासाठी.

चकमकीची बंदूक हा ठासणीच्या बंदुकीचा एक प्रकार. ठासणीची म्हणजे तोंडाकडून दारू आणि गोळी घालून गजाने ठासायची बंदूक. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती बाळगणारी घरं कोकणात आहेत, त्यामुळे नाव आपल्याला नवं नाही. हौस म्हणून ती घडवणं, दुरुस्त करणं आणि निशाणावर चालवणं मात्र अमेरिकेत विशेष रुजलं. तिथे या छंदाची राष्ट्रीय संघटना १९३३ पासून आहे आणि तिच्या स्पर्धा इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप नावाच्या लहानशा गावात भरतात. तिथला संघीय कायदा अशा जुन्या बंदुका आणि त्यांच्या प्रतिकृतींना साधारणपणे पुराणवस्तू मानतो. राज्याराज्यांचे नियम वेगळे असू शकतात. आपल्याकडे तसं नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली ठासणीची बंदूकही शस्त्रच ठरते, आणि परवान्याशिवाय ती बाळगणंच काय, बनवणं किंवा दुरुस्त करणंही गुन्हा आहे. तेव्हा पुढचं सगळं तिकडच्या कार्यशाळेतलं आणि तिकडच्या मैदानावरचं आहे, असं समजून वाचावं.

तिकडची लाडकी बंदूक म्हणजे लांब नळीची पेनसिल्व्हेनिया रायफल. अठराव्या शतकात लँकेस्टरच्या परिसरात स्थायिक झालेल्या जर्मन कारागिरांनी आपल्या मायदेशीच्या आखूड, जाड नळीच्या शिकारी रायफलीतून ती घडवली. नळी चाळीस इंचांहून लांब झाली, तोंड बारीक झालं. रायफल म्हणायचं कारण नळीच्या आतल्या वळणदार खाचा. त्या गोळीला फिरकी देतात, म्हणून ती सरळ जाते.

घडवायला बसणारा नवखा माणूस सहसा सुट्या भागांचा संच विकत घेतो. नळी तयार आणि तपासलेलीच घ्यावी. ती घरी करायची गोष्ट नाही. आपल्या हाताला काम असतं ते लाकडात. दस्ता, म्हणजे लाकडी अंग, बहुधा लाटांसारख्या रेषा असलेल्या मेपलचा असतो.

त्या लाकडात नळी आणि कळ बसवण्यासाठी खाच कोरायची असते. (कळ म्हणजे ठिणगी पाडणारी सगळी यंत्रणा.) लोखंडाला काजळी फासायची, भाग जागेवर दाबायचा, उचलायचा. लाकडावर काळा डाग उठला तिथे अडतंय, तेवढंच तासायचं. पुन्हा दाबायचं. हे कंटाळवाणं आहे आणि इथेच उतावळेपणा नडतो. जास्त तासलं गेलं की लोखंड आणि लाकूड यांच्यात पोकळी राहते, आणि बाराच्या प्रत्येक धक्क्याने लाकूड तडकण्याच्या दिशेने जातं.

सर्वांत नाजूक निर्णय कानाचा. कान म्हणजे वाटीतली आग नळीत नेणारं बारीक छिद्र, व्यास साधारण १.६ मिलिमीटर. ते वाटीच्या काठाच्या पातळीवर, लांबीच्या मधोमध यावं आणि नळीच्या बुडाला बसवलेल्या बोल्टाच्या पुढे उघडावं. खाली गेलं तर वाटीतल्या दारूने बुजतं. फार मागे गेलं तर बोल्टावरच आदळतं. म्हणून कळ आधी कोरून बसवायची आणि छिद्र नंतर पाडायचं. उलट क्रमाने केलेलं काम सुधारणं फार जड जातं. नवख्याने हे एक काम जाणत्या माणसाकडून करून घ्यावं, असं माझं मत आहे.

रंगकाम त्यामानाने आनंदाचं. लोखंड विरघळवलेलं नत्राम्ल लाकडावर लावून ऊब दिली की मेपलच्या लाटा तपकिरी होऊन उठून दिसतात. मग जवसाच्या तेलाचे हात.

आता ठिणगीकडे वळू. घोडा, म्हणजे गारगोटी धरणारा वाकडा हात, चाप ओढताच पुढे झेपावतो. गारगोटीची धार वाटीवर उभ्या असलेल्या पोलादी झापडीवर आपटते आणि रंधा लाकडाची साल काढतो तशी पोलादाची बारीक साल खरवडते. ती साल हवेत जळते. ठिणगी दगडाची नव्हे, पोलादाची असते. त्याच धक्क्याने झापड पुढे उलटते, वाटी उघडी पडते आणि ठिणग्या तिच्यात सांडतात.

ठिणगी पडेनाशी झाली की नवखा माणूस आधी दगड बदलतो. ते बरोबरच आहे, पण अर्धं. धार बोथट असेल तर तिचे बारीक कपचे उडवून ती पुन्हा काढता येते. दगड चामड्याच्या तुकड्यात घट्ट धरलेला आणि धार झापडीला समांतर असावी. दगड चांगला असून झापडीवर खोल ओरखडे उठत असतील तर पोलाद मऊ आहे. झापडीला पुन्हा कडक पाणी देणं हे काम जाणत्याचं. इंग्लंडमधल्या ब्रँडन गावाच्या काळ्या गारगोटीचा या लोकांत मोठा लौकिक आहे. खापर मात्र दगडावर नेहमीपेक्षा जास्तच फोडलं जातं.

दुरुस्तीत सर्वाधिक वेळा समोर येते ती दस्त्याच्या मनगटाला, म्हणजे कळीच्या मागच्या बारीक भागाला, गेलेली चीर. चीर ताजी असताना सरस भरून ती बांधता येते. नळीला फुगवटा, बुडाला सैलपणा किंवा आत खोल गंज दिसला तर दुरुस्तीचा विचार सोडावा आणि बंदूक भिंतीवर टांगावी.

मैदानावर पहिलं काम बंदूक रिकामी आहे याची खात्री. गज नळीत बुडापर्यंत सोडून तोंडाशी खूण केलेली असते; खूण वर राहिली तर आत काहीतरी आहे. जुन्या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या ठासलेल्या अवस्थेत सापडतात, म्हणून ही सवय. १८६३च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर उचललेल्या बंदुकांतही एकावर एक अनेकदा ठासलेल्या निघाल्या होत्या.

दारू फक्त काळी. आधुनिक काडतुसांतली बिनधुराची दारू चिमूटभरही नको. तिचा दाब या नळ्यांना झेपत नाही आणि नळी फुटते. काळीच्या जागी विकली जाणारी पर्यायी दारू चकमकीच्या ठिणगीने सहजी पेटत नाही, त्यामुळे नवख्याची पहिली सकाळ तिच्यापायी फुकट जाऊ शकते.

डब्यातून थेट नळीत ओतायचं नाही. नळीत ठिणगी उरली असेल तर डबाच हातात फुटेल. आधी मापात घ्यायची, मग मापातून ओतायची. अर्धा इंच तोंडाच्या रायफलीला निशाणासाठी साठ-सत्तर ग्रेन दारू पुष्कळ होते. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. बनवणाऱ्याने दिलेली मर्यादा ओलांडू नये.

गोळी शिशाची, ०.४९ इंचांची, म्हणजे नळीपेक्षा किंचित लहान. उरलेली जागा तेल लावलेल्या सुती कापडाची चकती भरते आणि खाचांची फिरकी गोळीपर्यंत पोचवते. चकती तोंडावर, तिच्यावर गोळी, मग आखूड दांड्याने आत आणि गजाने खाली. गज तोंडाजवळ धरून थोडा थोडा ढकलावा. वरून धरून जोर लावला तर लाकडी गज मोडतो आणि त्याचा भाला हातात घुसतो. आपलं डोकं नळीच्या तोंडावर कधीही येऊ द्यायचं नाही.

गोळी दारूला टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळीला फुगवटा येऊ शकतो. म्हणून गजावर दुसरी खूण असते, भरलेल्या बंदुकीची. आणि गप्पांच्या नादात दारूच घालायची राहून नुसती गोळी ठासली जाणं, हे तर इतकं सर्रास घडतं की ती काढायचा स्क्रू प्रत्येकाच्या पिशवीत असतो.

रंजक, म्हणजे वाटीतली बारीक दारू, निशाणासमोर उभं राहिल्यावरच घालायचं. इथे मन उदार होतं आणि तिथेच घोटाळा होतो. वाटी काठोकाठ भरून कान बुजला, तर आग त्या दारूतून वातीसारखी सरकत आत जाते आणि सुरुवातीची ती फट तयार होते. कान मोकळा ठेवून वाटीच्या तळाला थोडं रंजक घातलं, तर ज्वाळा थेट आत झेपावते. उजव्या बाजूला कोणी उभं नाही ना, तेही पाहावं, कारण कानातून आडवा फवारा बाहेर येतो. चष्मा आणि कानबंद सगळ्यांना.

वाटीत भडका उडाला आणि बार झालाच नाही तर नळी निशाणाकडेच धरून किमान एक मिनिट थांबायचं. आत दारू धुमसत असू शकते. मग सुईने कान मोकळा करून पुन्हा रंजक.

काळ्या दारूचा साधारण निम्मा भाग जळूनही घन काजळी म्हणून मागे राहतो. चार-पाच बारांनंतर गोळी अडू लागते, म्हणून मध्ये ओलसर फडका फिरवावा. या काजळीतले क्षार हवेतला ओलावा शोषतात. दमट हवेत रात्रभरात गंज धरतो. महागडी रसायनं लागत नाहीत. साधं पाणी, थोडा साबण, कुजक्या अंड्याचा वास जाईपर्यंत फडके, मग पूर्ण कोरडं करून तेलाचा हात. दुसऱ्या दिवशी पांढरा फडका पुन्हा फिरवून पाहायचा. तो तपकिरी आला तर पाण्यापासून पुन्हा सुरुवात.