‘कोणीतरी फोन करा!’

कोजागरीची रात्र होती. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आटवलेल्या दुधाचे पातेले नुकतेच उतरले होते, मुलांच्या भेंड्या रंगात आल्या होत्या. तेवढ्यात साठी ओलांडलेले एक गृहस्थ खुर्चीतच एका बाजूला कलंडले. मी धावलो. हाका मारल्या, खांदे हलवले, प्रतिसाद नव्हता. श्वास थांबल्यातच जमा, मधूनच एखादी आचक्यासारखी धाप. मी त्यांना फरशीवर उताणे निजवले, छातीवर दाब द्यायला सुरुवात केली आणि ओरडलो, “कोणीतरी ॲम्ब्युलन्सला फोन करा!”

गच्चीवर चाळीसएक माणसे होती आणि एकही हात स्वस्थ नव्हता. कोणी पाणी आणले, कोणी कांदा फोडून आणला, दोघे तळपाय चोळू लागले, त्यांच्या पत्नीला सावरायला दहा-बाराजणी धावल्या. सहा-सात मिनिटांनी मी धापा टाकत विचारले, “ॲम्ब्युलन्स कुठवर आली?” सगळे एकमेकांकडे पाहू लागले. फोन झालेलाच नव्हता. दुसऱ्याने केला असेल, अशी प्रत्येकाची प्रामाणिक समजूत होती. मग फोन गेला, गाडीही आली. पण ती मागच्या फाटकाशी थांबली. त्या फाटकाला रात्री कुलूप असते, किल्ली वॉचमनकडे असते आणि वॉचमन त्या वेळी गच्चीवरच्या गर्दीत उभा होता.

ते गृहस्थ वाचले नाहीत. फोन वेळेवर गेला असता तर वाचले असते, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. हृदय बंद पडल्यावर छातीदाब आणि विजेचा झटका यांवाचून जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. छातीदाब मिळत असेल तर ही घसरण मंदावते, थांबत नाही. हे आकडे मला पाठ आहेत आणि म्हणूनच ती सहा-सात मिनिटे मला विसरता येत नाहीत. गच्चीवरच्या कोणालाही मी दोष देत नाही. ‘कोणीतरी’ हा शब्द माझ्या तोंडून गेला होता.

इस्पितळात असतो तर मी तो उच्चारला नसता. तिथे असा प्रसंग आला की जमणाऱ्या प्रत्येकाचे काम ठरलेले असते. एक जण छातीदाब देतो, दुसरा त्याच्या शेजारी तयार उभा राहतो. दर दोन मिनिटांनी दोघे पाळी बदलतात, कारण दमलेल्या हाताचा दाब पुरेसा खोल जात नाही आणि ते त्या हाताला कळतही नाही. एकाकडे श्वासमार्ग, एकाकडे शीर आणि औषधे, एकाच्या हाती घड्याळ आणि कागद. एक जण दाराबाहेर नातेवाइकांशी बोलतो. आणि या सगळ्यांचा प्रमुख खाटेच्या पायथ्याशी हात मोकळे ठेवून उभा असतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, हा नुसताच उभा आहे. पण सगळे चित्र दिसत असते ते त्याला एकट्याला. तो नाव घेऊन सूचना देतो, ऐकणारा ती मोठ्याने उच्चारतो आणि काम झाले की ‘झाले’ असे वेळेसह सांगतो. हवेत सोडलेली सूचना हवेतच विरते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एम.बी.बी.एस. होऊन एका ग्रामीण रुग्णालयात रुजू झालो होतो. वऱ्हाडाचा टेम्पो उलटून बारा-तेरा जखमी एकदम दारात आले. डॉक्टर मी एकटाच. एका माणसाच्या टाळूवरून रक्ताची धार लागली होती आणि त्याचा आक्रोश सर्वांत मोठा होता, म्हणून मी त्याच्यावर ओणवा झालो आणि टाके घालण्यात बुडून गेलो. तिथल्या जुन्या जाणत्या सिस्टर जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “सर, इथे दाब मी धरते. तुम्ही उभे राहा आणि सगळ्यांना एकदा बघा.” मी उभा राहिलो. भिंतीला टेकून एक पोरगा गप्प बसला होता. ओठ पांढरेफटक, नाडी सुतासारखी, पोट ताठ. आत रक्तस्राव होत होता. उपलब्ध असलेली एकमेव जीप त्याला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी गेली आणि तो वाचला. टाळूवरची जखम भयंकर दिसत होती, पण ती अर्धा तास थांबू शकत होती.

सिस्टरांनी जे एका वाक्यात सांगितले, त्याचे शास्त्र एका वणव्यातून उभे राहिले आहे. १९७० मध्ये अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियात तेरा दिवस वणवे पेटले. सोळा माणसे दगावली, सातशेहून अधिक इमारती जळाल्या. नंतरच्या चौकशीत दिसले, की माणसे आणि बंब यांच्या टंचाईपेक्षा त्यांचा मेळ नसणे अधिक नडले होते. निरनिराळी दले आली होती, पण एकाच वस्तूला प्रत्येकाचा शब्द वेगळा, बिनतारी संदेश एकमेकांना पोहोचत नव्हते आणि एकेका अधिकाऱ्याच्या हाताखाली न पेलणारी माणसे. त्यातून ‘इन्सिडेंट कमांड सिस्टिम’ ही पद्धत आकाराला आली. एक प्रमुख, त्याच्या हाताखाली प्रत्यक्ष कारवाई, नियोजन, साधनसामग्री आणि खर्चाचा हिशेब असे चार विभाग, आणि त्याच्या शेजारी तीन माणसे. त्यांपैकी एक मदत करणाऱ्यांच्याच सुरक्षिततेकडे लक्ष ठेवतो, एक लोकांना माहिती देतो, एक इतर संस्थांशी संपर्क ठेवतो. कोणाच्याही हाताखाली थेट तीन ते सातच माणसे असावीत, पाच असल्यास उत्तम, हा त्यातला नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये हीच घडी आपल्या प्रशासनाला जुळवून मार्गदर्शक तत्त्वांच्या रूपाने दिली. जिल्ह्यात तिची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर असते.

वणव्याची आणि भूकंपाची ही पद्धत तीन खोल्यांच्या घराला कशाला हवी, असे वाचकांना वाटेल. मलाही त्या कोजागरीपर्यंत वाटत होते. नंतरच्या सभेत आम्ही ठरवले ते इतकेच. ज्याला प्रसंग प्रथम दिसेल तो प्रमुख. अधिक जाणकार माणूस आला की त्याने ‘आता मी पाहतो’ असे स्पष्ट म्हणावे आणि पहिल्याने बाजूला व्हावे. न बोलता कारभार घेऊ नये. ‘कोणीतरी’ या शब्दाला बंदी. माणसाकडे बोट दाखवून, नाव घेऊन काम सांगायचे. फोन १०८ किंवा ११२ वर, आणि कोणते फाटक तेही त्याच वेळी सांगायचे. वॉचमनने आपली जागा सोडायची नाही. औषधांची यादी, जुने रिपोर्ट, विम्याचे कार्ड आणि थोडी रोकड एका पिशवीत. आणि नातेवाइकांना कळवणारा एकच, कारण रुग्णाच्या मुलाचा फोन सतत वाजत राहिला तर इस्पितळाला तो लागतच नाही.

यांतला पहिला नियम पचायला जड गेला. आपल्या घरांत संकटकाळी सूत्रे आपोआप वडीलधाऱ्या पुरुषाकडे जातात, मग त्याचे हातपाय गळालेले असले तरीही. यावर सभेत बरीच वादावादी झाली. मानपान दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावा, असे मी स्पष्ट सांगितले आणि काहींची नाराजी ओढवून घेतली.

गेल्या आषाढात सकाळी आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचे तोंड वाकडे झाले, शब्द अडखळू लागले, उजवा हात लुळा पडला. घरात मुलगा, सून, धाकटा दीर, कॉलेजात जाणारी नात आणि शाळकरी नातू. मला निरोप आला आणि मी पाच मिनिटांत वर पोहोचलो. नातीने आजीला कुशीवर निजवले होते, तोंडात पाण्याचा थेंबही जाऊ दिला नव्हता. भाऊ फाटकाशी उभा होता, आई पिशवी घेऊन दारात, आणि काकांना तिने बजावले होते, “काका, तुम्ही फक्त आत्यांचे फोन घ्या.” वडील आईचा हात धरून बसले होते, तेही काम तिनेच त्यांना दिले होते. माझ्यापुढे तिने कागदाचा चिटोरा धरला. आजी सात वीसला चहा घेताना व्यवस्थित बोलत होत्या, एवढेच त्यावर लिहिले होते. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि हे तास मोजायचे ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. इस्पितळात पहिला प्रश्न हाच येतो आणि निम्म्या घरांत त्याचे उत्तर नसते.

“डॉक्टरकाका, आता तुम्ही पाहता का?” तिने विचारले.

“आता मी पाहतो,” मी म्हणालो. पाहण्यासारखे फारसे उरले नव्हते. गाडी फाटकात शिरल्याचा आवाज आला.

आजी आता काठी घेऊन चालतात, उजव्या हाताने सावकाश वाती वळतात. दर महिन्याला रक्तदाब तपासायला येतात, तेव्हा त्यांची एकच तक्रार असते: त्या दिवशी नातीने त्यांना पातळसुद्धा बदलू दिले नाही.